कळंबच्या वाळूसाठी अर्ज

संशोधनासाठी बाहेरून पैसे मागणारा अर्ज हाही एक लेखनप्रकार आहे, असे म्हटले तर काही वाचकांना गंमत वाटेल. पाठ्यपुस्तकांचे परीक्षण होते, विज्ञानकथांचे होते, प्रयोगवहीत काय लिहावे यावरही शिक्षकांत वाद झडतात. परंतु महाविद्यालयातील प्राध्यापक ज्या मजकुरावर आपली दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी घालवतो, तो मजकूर समीक्षेच्या नजरेने कोणी वाचत नाही. तो मंजूर होतो किंवा नामंजूर होतो, एवढेच. येथे आम्ही तो वाचणार आहोत; आणि त्याच्या जोडीला, ज्या योजनेला उत्तर म्हणून तो लिहिला जातो तिची नियमावलीही. अर्जात दिसणारे बरेचसे दोष मुळात नियमावलीतले असतात, असे आमचे मत आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक जागा घेऊ. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, राजोडी आणि भुईगाव यांच्या मधल्या पट्ट्यात कळंबचा समुद्रकिनारा आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून येणाऱ्यांना तो सहलीची जागा म्हणून माहीत आहे. गावकऱ्यांना मात्र तो दुसऱ्या कारणाने माहीत आहे. वसईच्या या सगळ्या पट्ट्यात वाळू कमी होत आहे, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडून ती आडवी होतात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू असते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा मोजला. तेव्हा त्यातील ३३.६ टक्के भागाची धूप होत असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. हे आकडे मोलाचे आहेत, पण कळंबची वाळू का जाते हे ते सांगत नाहीत.

संशयित चार-पाच आहेत. किनाऱ्यावरून होणारा वाळूचा उपसा हा पहिला. उत्तरेला वैतरणेचे मुख आहे आणि त्या खोऱ्यात मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत: तानसा १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. धरणामागे पाणी अडते तसा गाळ आणि वाळूही अडते. खाडीतून ड्रेझरने वाळू काढली जाते ती वेगळीच. समुद्राची पातळी वाढते आहे. शिवाय, जे बंधारे धूप थांबवण्यासाठी बांधले जातात त्यांच्या पायथ्याशी आणि टोकांशी लाटा परतून आदळल्याने तेथील वाळू आणखी निघून जाऊ शकते. यातला खरा वाटा कोणाचा किती? गावच्या सभेत प्रत्येक जण एकेक संशयित धरून बसतो. वाद मिटवायला लागते ती मोजणी.

आता समजा, वसई-विरारमधल्या एखाद्या महाविद्यालयातील भूगोलाच्या किंवा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला हे काम करायचे आहे. (ही व्यक्ती काल्पनिक आहे, तिच्या अडचणी काल्पनिक नाहीत.) मोजायचे कसे, हा प्रश्न अवघड नाही. के. ओ. एमरी या अमेरिकी सागरवैज्ञानिकाने १९६१ मध्ये एक पद्धत सांगितली, तिला दीड मीटरच्या दोन काठ्या आणि एक दोरी पुरते. काठ्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. एक काठी किनाऱ्यावरच्या पक्क्या खुणेपाशी उभी करायची, दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राच्या बाजूला. मागे उभ्या असलेल्याने पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते तितका उतार त्या अंतरात झाला. आकडा लिहायचा, काठ्या पुढे न्यायच्या, पुन्हा तेच, असे पाण्यापर्यंत. कळंबचा समुद्र पश्चिमेला मोकळा असल्याने क्षितिज आयते मिळते. आणखी एक सोय निसर्गानेच केली आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी व मध्यरात्री असते आणि मोठी ओहोटी सकाळी सहा-सातच्या आसपास. म्हणजे दोन विद्यार्थी सोबत घेऊन पहिल्या तासाच्या आत मोजणी उरकता येते.

अडचण आहे ती काळाची. पावसाळ्यातील उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून पाण्याखालच्या दांड्यावर नेतात. हिवाळ्यातल्या शांत, लांब लाटा ती परत आणतात. दरवर्षी किनारा असा आत-बाहेर श्वास घेतो. या ऋतुचक्राची चढउतार एवढी मोठी असते की दोन वर्षांच्या नोंदींत खरी धूप तिच्याखाली झाकली जाते. एखाद्या वर्षी वादळ आले तर सगळाच हिशेब बदलतो. पाच-सहा वर्षांच्या सलग नोंदीशिवाय कोणी कळंबविषयी छातीठोकपणे बोलू नये.

एवढी माहिती असूनही आमच्या प्राध्यापिकेचा अर्ज कसा लिहिला जाईल? असे अर्ज वाचलेल्यांना तो डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. शीर्षक असेल, ‘पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील पर्यावरणीय बदलांचा दूरसंवेदन व भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने समग्र अभ्यास’. पहिली दोन पाने हवामानबदलावर. उद्दिष्टे सात, त्यांतली पहिली ‘अभ्यास करणे’, दुसरी ‘आढावा घेणे’, सातवी ‘धोरणात्मक शिफारशी करणे’. उपकरणांच्या रकान्यात ड्रोन. कळंबचे नाव नकाशात एका ठिपक्याएवढे. काठ्या-दोरीचा उल्लेख कुठेच नाही, कारण तो केला तर काम पोरकट वाटेल अशी भीती.

या अर्जाचा सर्वात मोठा दोष असा की त्यात प्रश्न नाही, विषय आहे. विषय कधी चुकत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. ‘कळंबच्या पुळणीवरून पावसाळ्यात गेलेल्या वाळूपैकी किती वाळू मार्चपर्यंत परत येते, आणि बंधाऱ्यासमोरच्या भागात ती मोकळ्या भागापेक्षा कमी येते का?’ हे एक वाक्य त्या सात उद्दिष्टांपेक्षा जड आहे. परीक्षकाला त्यावरून लगेच कळते की काय मोजणार, कुठे, किती वेळा आणि उत्तर चुकीचे ठरले तर ते कसे ओळखणार. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पांनाही हीच कसोटी लागते, हे शिक्षक वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

परंतु सगळा दोष अर्जदाराच्या माथी मारणे योग्य नाही. आता नियमावल्या पाहू.

एके काळी महाविद्यालयीन शिक्षकाचा मोठा आधार म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञान विषयांसाठी ५ लाख आणि मानव्यविद्यांसाठी ३ लाख रुपयांपर्यंत मर्यादा होती, आणि आपल्याकडचे अर्ज आयोगाच्या पुण्यातील विभागीय कार्यालयात जात. या प्रकल्पांतून निघालेले कितीतरी अहवाल कपाटात गेले, ही टीका खरी आहे. तरी ज्याने कधीच संशोधन केले नव्हते अशा शिक्षकाला पहिली पायरी तेथे मिळत होती. योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि हे प्रकल्पही तिच्याबरोबर थांबले.

पुढे ५ सप्टेंबर २०२२ रोजी, शिक्षकदिनी, आयोगाने नव्या योजना जाहीर केल्या. त्यांत सेवेतील प्राध्यापकांसाठी दोन वर्षांना १० लाख रुपयांचे अनुदान होते, जागा २००. रक्कम चांगली आहे. मग पात्रतेची अट वाचावी: वय ५० पर्यंत, पाच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी यशस्वी मार्गदर्शन, आणि बाहेरच्या अर्थसाहाय्याचे किमान दोन प्रकल्प पूर्ण केलेले. पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या, संशोधन केंद्र नसलेल्या महाविद्यालयातील शिक्षकाने पाच पूर्णवेळ पीएच.डी. विद्यार्थी आणायचे कोठून? आणि अनुदान मिळवण्यासाठी आधी दोनदा अनुदान मिळालेले असले पाहिजे, ही अट वाचून पोहायला येत असेल तरच पाण्यात उतरू देणाऱ्या मास्तरांची आठवण होते. त्याच वेळी नव्याने नेमलेल्यांसाठी डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या नावाची १३२ जागांची योजनाही आली, हे सांगायला हवे. पण पंधरा-वीस वर्षे शिकवत असलेली आमची प्राध्यापिका नवी नाही आणि जुन्यांच्या यादीतही बसत नाही.

विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने २०१७-१८ च्या सुमारास सुरू केलेली ‘टेअर’ ही योजना आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते. राज्य विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील शिक्षकाने जवळच्या एखाद्या राष्ट्रीय संस्थेत वर्षातून काही काळ काम करायचे, वर्षाला ५ लाखांचे साहाय्य निम्मे यजमान संस्थेला व निम्मे स्वतःच्या संस्थेला. वसईच्या शिक्षकाला पवईची आयआयटी लोकलने गाठता येते. तेथे लाटांचे गणित जाणणारी माणसे आहेत, येथे किनारा आहे. यात धोका एकच, की शिक्षकाचा प्रश्न यजमानाच्या प्रश्नात विरघळून जातो आणि कळंबऐवजी यजमानाच्या प्रयोगशाळेतील लाटांच्या हौदावर काम सुरू होते. म्हणून यजमानाशी बोलतानाच ‘नोंदी कळंबच्याच’ हे ठरवून घ्यावे.

ते मंडळ आता नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाची जागा त्याने घेतली. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये असा आकडा जाहीर झाला. त्यातले १४ हजार कोटी सरकारचे, उरलेले ३६ हजार कोटी उद्योग आणि इतर खासगी स्रोतांकडून यावयाचे. विद्यापीठे व महाविद्यालयांत संशोधन रुजवणे हा या प्रतिष्ठानाचा जाहीर हेतू आहे. हेतूला नाव ठेवण्यासारखे काही नाही. मात्र कळंबच्या वाळूत कोणत्या उद्योगाला रस असेल, याचा विचार केला की दोन-तृतीयांशाहून मोठा तो वाटा आमच्या प्राध्यापिकेपासून किती दूर आहे ते कळते. ज्यांना रस आहे ते वाळू काढणारे!

राहिले मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे छोटे अनुदान, जे संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना हजारांच्या हिशेबात मिळते. पुष्कळ जण त्याकडे पाहतही नाहीत. आमच्या मते सुरुवात तेथूनच करावी.

या ठिकाणी जुन्या काळाचे दाखले देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांत १२ मार्च १९४४ चे होमी भाभांचे पत्र हटकून येते. सर दोराबजी टाटा ट्रस्टचे सर सोराब सकलातवाला यांना ते लिहिलेले होते. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ट्रस्ट, मुंबई सरकार आणि केंद्राची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद या तिघांनी पैसे दिले. अर्ज म्हणून हे पत्र अजूनही वाचण्यासारखे आहे. देशात काय नाही, ते नसल्याने कोणते नुकसान होते, आणि दोन-एक दशकांनी अणुशक्ती वापरात आली तर तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत म्हणून आज काय करायला हवे, हे त्यात सरळ येते. पण पत्र पाठवणारा रॉयल सोसायटीचा फेलो होता, त्याच ट्रस्टचे साहाय्य त्याच्या बंगळूरच्या कामाला आधीच मिळत होते, आणि टाटा कुटुंबाशी त्याचे नाते होते. त्या पत्राचा मजकूर अनुकरणीय आहे. त्याची वाट सर्वांना खुली नव्हती.

दुसरा दाखला कळंबच्या शेजारचाच आहे. काही किलोमीटरवरच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला आणि त्यातून एकात एक ठेवलेले करंडक निघाले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच येथे मिळाला. हे जुनागढचे गृहस्थ. कोणत्याही महाविद्यालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना हेरले आणि त्यांच्या लेणी-शिलालेखांच्या भटकंतीला पैसा पुरवला. आजच्या कोणत्याही नियमावलीत भगवानलाल पहिल्याच रकान्यात बाद झाले असते. यावरून ‘जुनेच बरे होते’ असा निष्कर्ष काढू नये. भाऊ दाजींच्या नजरेस जे पडले नाहीत अशांची यादी आपल्याकडे नाही. छापील अर्ज, जाहीर तारीख आणि अनोळखी परीक्षक ही व्यवस्था आली ती याच ओळखीपाळखीला उतारा म्हणून, आणि ती हवीच. आमची तक्रार एवढी की पात्रतेच्या अटींतून ओळखपाळख मागच्या दाराने पुन्हा आत आली आहे. फक्त आता तिला ‘पूर्वीचे प्रकल्प’ म्हणतात.

बाहेरच्या देशांत या व्यवस्थेचीच मोजणी झाली आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या सर्वात मोठ्या योजनेसाठी ३,७२७ अर्ज आले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून पाच शतकांहून अधिक वर्षे गेली आणि २०.५ टक्केच मंजूर झाले. म्हणजे चारेक शतके वाया. नेदरलँड्समधील २०१८ चा एक अभ्यास आणखी बोलका आहे. तरुण संशोधकांच्या एका योजनेत ज्यांना गुणरेषेच्या जेमतेम वर जागा मिळाली आणि जे जेमतेम खाली राहिले, त्यांच्या गुणवत्तेत फरक जवळजवळ नव्हता. तरी पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून अधिक अनुदान मिळवले. याचे एक कारण असे निघाले की खालच्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. आपल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या कोणालाही हे कारण ओळखीचे वाटेल. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत किमान कसोटीला उतरलेल्या अर्जांतून सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. ब्रिटिश अकादमीने २०२२ मध्ये छोट्या अनुदानांसाठी तोच मार्ग धरला. चिठ्ठी टाकणे आपल्याकडे थट्टेचा विषय होईल. परंतु निवडले न जाण्याचे कारण नशीब होते हे उघड सांगितले तर माणूस दुसऱ्यांदा अर्ज करतो, आणि ही गोष्ट लहान नाही.

पुन्हा कळंबला येऊ आणि साधा हिशेब मांडू. महिन्यातून एकदा आणि उधाणाच्या किंवा वादळाच्या नंतर आणखी सहा, अशा वर्षाला १८ फेऱ्या. प्रवास-चहापाण्याला फेरीमागे ६०० रुपये धरले तर १०,८००. दोन विद्यार्थ्यांना महिन्याला प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे २४,०००. वाळूचे नमुने चाळणे आणि इतर किरकोळ ५,०००. वर्षाचे झाले ३९,८००. काठ्या, चाळण्या, पक्की खूण बसवणे यासाठी सुरुवातीला एकदाच ५,०००. सहा वर्षांचा खर्च २,४३,८०० रुपये. १० लाखांच्या त्या अनुदानाच्या जवळजवळ पाव रक्कम आणि तिप्पट मुदत! अशा आकाराची योजना आम्हाला कोठे आढळली नाही. सगळ्या योजना दोन-तीन वर्षांच्या. त्यात पैसा वर्षाअखेर येतो आणि ३१ मार्चच्या आत संपवून ‘१२-अ’ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र भरायचे असते. ड्रोन मार्चमध्ये एका दिवसात विकत घेता येतो. जूनमधली ओहोटी मार्चमध्ये मोजता येत नाही. अर्जात ड्रोन का शिरतो, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

योजना बदलेपर्यंत काय करावे? सहा वर्षांचे काम तीन तुकड्यांत मागावे, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा प्रश्न असावा. पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या छोट्या अनुदानावर फक्त ऋतुचक्र: वाळू किती जाते, किती परत येते. त्यावर एक टिपण प्रसिद्ध करावे, मूळ आकड्यांसह. पुढची दोन वर्षे बंधाऱ्यासमोरचा आणि मोकळा भाग यांची तुलना. येथे ‘टेअर’सारखी योजना उघडी असेल तर राष्ट्रीय संस्थेतील सहकारी उपयोगी पडेल. हाती नोंदी असतील तर उपग्रहचित्रांवरचे निष्कर्ष जमिनीवर ताडून पाहणारी व्यक्ती म्हणून आमची प्राध्यापिका त्या संस्थेला हवीच असेल. वैतरणेच्या गाळाचा मोठा प्रश्न शेवटी, तोवर दोन पूर्ण प्रकल्पही नावावर जमा झालेले असतील. पैसे मधे थांबले तरी काठ्या थांबवू नयेत. बारा महिन्यांतली एक फेरी चुकली तर ती भरून काढता येते. एक पावसाळा चुकला तर ऋतुचक्राची ती कडी कायमची गेली.

पक्की खूण मात्र अनुदानाची वाट न पाहता आधी बसवावी, आणि ती सुरूच्या झाडावर रंगवू नये.